हरणारी टीम, डोक्यातून न जाणारी ट्यून आणि हेल्मेटमधलं भडंग

(पत्र थोडं छोटं केलंय आणि नावं काढलीत, बाकी जसंच्या तसं.)

"मावशी, आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो, मुलगी दहा वर्षांची. 2024 च्या उन्हाळ्यात तिच्या मैत्रिणीचे बाबा तिला बेसबॉलच्या मॅचला घेऊन गेले आणि तेव्हापासून ती शिकागोच्या व्हाइट सॉक्स टीमची फॅन झालीय. वर्गातली निम्मी मुलं शिकागोच्याच दुसऱ्या टीमची, कब्सची, आणि ही मात्र जी टीम सारखी हरते तिच्यामागे वेडी. हरले की रडते, रात्री रेडिओ कानाशी. दिवसभर स्टेडियममधल्या ऑर्गनच्या ट्यून्स गुणगुणते, आता तर सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाईसुद्धा पूजा करताना तेच ना-ना-ना म्हणतात. मॅचला गेलो की तिथला तो मका हवाच. आइस्क्रीम ज्यात देतात ते प्लास्टिकचं हेल्मेट घरी आणते, आजी त्यात भडंग भरून देतात आणि दोघी टीव्हीसमोर. नवरा म्हणतो हा नुसता टाइमपास आहे, एवढंच आवडत असेल तर सॉफ्टबॉलचा क्लास लावू, नाहीतर बंद कर, आणि टीमच हवी तर निदान जिंकणारी घे. तिच्या वाढदिवसासाठी लॉस एंजेलिसच्या डॉजर्स टीमची टोपी आणून ठेवलीय त्याने. रविवारची मराठी शाळा आणि मॅच एकाच वेळी येतात तो वाद वेगळाच. मला वाटतं ही अगदीच इथली होऊन जाईल. आणि खरं सांगू? एवढ्याशा गोष्टीत तिला एवढा आनंद होतो ते बघून कधीकधी माझी चिडचिड होते. मला कशातच तसं होत नाही आता. काय करू?"

अगं, आधी एक सांगून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. तुझ्या मुलीचं काहीही बिघडलेलं नाही, तिला सुधारायचं नाहीये, आणि तुझ्या घरात सध्या बेसबॉलवरून जे काही चाललंय त्यात सगळ्यात शहाणं कोण वागत असेल तर तुझ्या सासूबाई.

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण ही पोरगी काय करतेय ते त्याशिवाय कळणार नाही. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये 30 टीम्स आहेत आणि प्रत्येक टीम एका सीझनला 162 मॅचेस खेळते, मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत, म्हणजे जवळजवळ रोज. 2024 ला व्हाइट सॉक्सने त्यातल्या 121 हरल्या. जिंकल्या 41. सन 1900 नंतर एका सीझनला एवढ्या मॅचेस कुठलीच टीम हरलेली नव्हती, आधीचा रेकॉर्ड न्यूयॉर्क मेट्सचा होता, 1962 चा, 120 चा, तोही यांनी मोडला. जुलै-ऑगस्टमध्ये सलग 21 हरले. एकवीस! आणि तुझी मुलगी नेमक्या त्याच उन्हाळ्यात फॅन झाली, आणि 2025 ला परत 102 हरले तरी टिकून आहे. अगं मोठी मोठी माणसं दोन मॅच हरल्या की प्लेअर्सचे पुतळे जाळतात.

तिला एकदा विचार की 2024 च्या सप्टेंबरच्या शेवटी काय झालं होतं. मी पैज लावते ती उठून उभी राहून सांगेल. टीम 120 हरलेली, अजून एक हरली की रेकॉर्ड, आणि होम ग्राउंडवर एंजल्स टीमबरोबर तीन मॅचेस. लोक मुद्दाम तो लाजिरवाणा क्षण बघायला आले होते, मालकाच्या नावाने टीम विका म्हणून ओरडत होते, आणि या बहाद्दरांनी तिन्हीच्या तिन्ही मॅचेस जिंकल्या. रेकॉर्ड शेवटी डेट्रॉइटला जाऊन झाला, दुसऱ्याच्या घरी. आता याला यश म्हणायचं का? नाही. पण ज्याने तो आख्खा सीझन बघितलाय त्याला त्या तीन दिवसांत जे मिळालं ते डॉजर्सच्या फॅनला ट्रॉफी घेऊनही मिळत नसेल असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता रडण्याचं. रडू दे. "अगं गेमच तर आहे" हे वाक्य तेवढं घरात बंद करा, त्याने आजवर कुणाचं रडू थांबलेलं नाही, उलट आपलं दुःख यांना फालतू वाटतं हे तेवढं कळतं. बेसबॉलमध्ये यावरचं औषध आतच घालून दिलेलं आहे, ते म्हणजे उद्या परत मॅच आहे. क्रिकेटच्या वर्ल्ड कपसारखं चार वर्षं थांबायचं नाही. आणि या खेळात हरणं इतकं रोजचं आहे की अगदी भारी टीमसुद्धा सीझनला साठ-साठ मॅचेस हरते, आणि जो बॅटर दहातून तीन वेळा हिट मारतो त्याला स्टार म्हणतात, म्हणजे सात वेळा तो मान खाली घालून परतच येतो. हे तिला समजावून सांगायला जाऊ नकोस हं, तिला माहितीये, तुला माहीत नाही म्हणून तुला सांगतेय.

रात्रीच्या रेडिओचं आणि झोपेचं मात्र आई म्हणून कडक हो. त्यांच्या घरच्या रात्रीच्या मॅचेस साधारण सहा चाळीसला सुरू होतात. 2023 पासून पिच क्लॉक आलंय, म्हणजे बॉल टाकायला पिचरला मोजके सेकंद मिळतात, त्यामुळे पूर्वी तीन-तीन तास चालायच्या त्या मॅचेस आता अडीच-पावणेतीन तासांत आटपतात. तरी शाळेच्या दिवशी साडेनऊ म्हणजे उशीरच. तर ठरवून टाका की शाळेच्या रात्री साडेआठला रेडिओ बंद, मग स्कोअर काहीही असो, आणि सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी रिझल्ट बघायची परवानगी. शुक्रवार-शनिवार शेवटपर्यंत. आणि टीम वेस्ट कोस्टला खेळायला गेली की मॅच सुरूच नऊच्या आसपास होते तेव्हा प्रश्नच मिटला, सकाळीच बघायचं. सकाळी स्कोअर बघण्यात पण एक गंमत असते, रात्रभर आशा टिकून राहते. या टीमच्या फॅनसाठी ते जास्त बरं खरं म्हणजे.

डॉजर्सच्या टोपीबद्दल आता. तुझ्या नवऱ्याला माझ्याकडून एक विचार. 13 मार्च 1996 ला तो किती वर्षांचा होता? ईडन गार्डन्स, श्रीलंकेबरोबर वर्ल्ड कपची सेमीफायनल, सचिन आउट झाला आणि मग धडाधड सगळे, आठ बाद 120, लोकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी लावल्या, मॅच श्रीलंकेला देऊन टाकली आणि आपला विनोद कांबळी रडत रडत मैदानाबाहेर आला. तुझ्या नवऱ्याने तो बघितला असेल तर तो चेहरा तो विसरलेला नाही, लिहून देते. त्या रात्री त्याच्या वडिलांनी त्याला जवळ घेऊन सांगितलं का, की बाळा, ही टीम काही खरी नाही, उद्यापासून आपण ऑस्ट्रेलियाला सपोर्ट करू? डॉजर्सनी 2024 ला पण वर्ल्ड सिरीज (म्हणजे या लीगची फायनल) जिंकली आणि 2025 ला पण, चांगली टीम आहे, कुणी नाही म्हणत नाही, पण टीम आपण निवडत नसतो, ती चिकटते. ती टोपी त्याने स्वतः घालावी. किंवा टॅग असेल तर परत करावी आणि त्या पैशांचं काय करायचं ते खाली सांगते.

आणि जिंकण्याचंच पडलं असेल तर तिची टीम अगदीच कंगाल नाहीये. 2005 ला व्हाइट सॉक्स वर्ल्ड सिरीज जिंकले, चार-शून्य, आधीची 1917 ची, म्हणजे 88 वर्षांनी. पण कब्सनी 2016 ला 108 वर्षांनी जिंकल्यावर जगभर जेवढा गाजावाजा झाला त्याच्या पावपटही यांच्या वाट्याला आला नाही, दक्षिण शिकागोवाल्यांच्या मनात ते अजून सलतं. त्या 2005 च्या पहिल्या मॅचला स्टेडियममध्ये एक गृहस्थ बसले होते, टीव्हीवर क्षणभर दिसले, ते आता पोप आहेत. पोप लिओ, जन्म शिकागोचा आणि फॅन व्हाइट सॉक्सचे. तेव्हा वर्गातली पोरं चिडवतील तेव्हा तिने एवढं म्हणावं, आमच्याकडे पोप आहे.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी हे पत्र निवडलं. क्लास.

आपल्या लोकांना (मी त्यात आले) मुलाला काही आवडलं की चोवीस तासांच्या आत त्याचा क्लास शोधायची खाज असते. चित्रं काढते? लाव एलिमेंटरीची तयारी. गाणं म्हणते? लाव परीक्षा. बेसबॉल बघते? सॉफ्टबॉल लाव, कोच बघ, मग शनिवारी प्रॅक्टिस, मग ट्रॅव्हल टीम, मग आपणच बाकावर बसून ओरडणार की लक्ष कुठंय तुझं. आणि दोन वर्षांनी तेच मूल म्हणतं मला नाही आवडत, आणि आपण म्हणतो बघ, चिकाटीच नाही. अगं, खेळणं आणि फॅन असणं ही दोन वेगळी सुखं आहेत. तिने स्वतःहून म्हटलं मला खेळायचंय, तर जरूर घाल, ग्लोव्ह घेऊन दे, बॅकयार्डात बापाने बॉल टाकावा. पण तिने म्हटलेलं नाही ना? तुझ्या पत्रात कुठेच नाही. तिला बघायला आवडतं, ऐकायला आवडतं, आजीबरोबर खात बसायला आवडतं. ते तसंच राहू दे, निरुपयोगी.

तू म्हणशील मावशी पण याचा काहीतरी उपयोग करता येईल, बॅटिंग अॅव्हरेजवरून दशांश अपूर्णांक शिकतील वगैरे. शिकतातच, आपोआप शिकतात, बेसबॉलची पोरं .271 आणि .268 मधला फरक झोपेत सांगतात. फक्त तू ते तिच्यासमोर बोलू नकोस. ज्या क्षणी तिला कळलं की आईला यात गणित दिसतंय त्या क्षणी तो गृहपाठ झाला.

त्यापेक्षा हे कर. टोपीचे पैसे परत मिळाले की बेसबॉलची एक स्कोअरबुक घेऊन ये, पेन्सिल, खोडरबर, झालं. या खेळात प्रत्येक पोझिशनला एक आकडा असतो, पिचर 1, कॅचर 2, फर्स्ट बेस 3 असं करत राइट फिल्ड 9. म्हणजे शॉर्टस्टॉपने (6) बॉल उचलून सेकंड बेसला (4) दिला आणि त्याने फर्स्टला (3) फेकला आणि समोरच्या टीमचे दोघं आउट झाले तर नुसतं 6-4-3 लिहायचं, आख्खी धावपळ तीन आकड्यांत. स्ट्राइकआउटला, म्हणजे बॅटर तीन स्ट्राइक होऊन आउट झाला तर, के, आणि बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहून आउट झाला तर उलटा के, आरशात दिसतो तसा, म्हणजे कागदावर कायमची फजिती. आणि तुझा नवरा क्रिकेटवाला आहे असं मी धरून चालतेय (नसेल तर इथल्या मराठी पुरुषांत तो एकटाच), तर त्याला सांग की ही बेसबॉलची स्कोअर छापायची पद्धत रुळवली ती हेन्री चॅडविक नावाच्या माणसाने, मूळचा इंग्लंडचा, ब्रुकलिनला येऊन पत्रकार झाला आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. तो स्ट्राइकआउटचा के पण त्याचाच. म्हणजे या वहीत बापाचं आणि मुलीचं नातं आधीपासून आहे.

एक रविवार त्याने तिच्याशेजारी बसावं आणि तिने त्याला शिकवावं. तो विद्यार्थी, ती मास्तर. अट एकच, "क्रिकेटमध्ये ना असं असतं" हे वाक्य एका मॅचमध्ये एकदाच म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हटलं तर भांडी त्याच्याकडे.

बरं, ते गाणं. ना-ना-ना आणि हे-हे आणि गुडबाय. तुझ्या सासूबाईंच्या तोंडात बसलंय ते 1969 चं एक पॉप गाणं आहे, आणि ते स्टेडियमभर गायची पद्धत खुद्द व्हाइट सॉक्सच्याच मैदानावर रुजली. नॅन्सी फॉस्ट म्हणून त्यांची ऑर्गन वाजवणारी बाई होती, 1970 पासून 2010 पर्यंत वाजवत होती, बाप रे. 1977 च्या उन्हाळ्यात समोरच्या टीमच्या पिचरला बदलून बाहेर काढलं की तिने ही ट्यून वाजवायला सुरुवात केली, लोकांनी उचलली, आणि मग सगळीकडे पसरली. म्हणजे हे मूळचं चिडवायचं गाणं आहे, "चल नीघ आता" असं. तुझ्या सासूबाई देवासमोर ते म्हणतात हे त्यांना सांगू नकोस. किंवा सांग, हसतील.

अशा ट्यून्स डोक्यातून जात का नाहीत याचं मला फार आश्चर्य वाटत नाही. चार सूर, पुन्हा पुन्हा तेच, शब्द पाठ नसले तरी चालतं, आणि हजारो लोक एकाच वेळी टाळ्या वाजवत म्हणतात. आपल्याकडे गणपतीच्या आरतीनंतर घालीन लोटांगण सुरू झालं की कसं आपोआप लय चढते, ज्याला काहीच पाठ नाही तो पण हरे राम हरे राम जोरात म्हणतो, तसंच ते. सासूबाईंना म्हणूनच ते लगेच जमलं असणार. चांगलं संगीत-वाईट संगीत हा प्रश्नच इथे नाहीये. तुला अगदीच वैताग आला तर जेवणाच्या टेबलावर ना-ना-ना नाही असा नियम कर, बाकी सोड.

आणि एक गोष्ट तिला सांग, माहीत नसेल तर खूश होईल. सातव्या इनिंगच्या मध्ये सगळे उभे राहून जे बॉलगेमचं जुनं गाणं म्हणतात ना, ते 1908 चं आहे, आणि आता लोक म्हणतात तो नुसता त्याचा कोरस आहे, पुढची-मागची कडवी कुणाला आठवत नाहीत. ती कडवी केटी नावाच्या एका बेसबॉलवेड्या मुलीबद्दल आहेत! तिचा मित्र विचारतो नाटकबिटक बघायला येतेस का, ती म्हणते नको, मला मॅचला ने. 1908 ला, विचार कर, अमेरिकेत बायकांना देशभर मतदानाचा हक्क पण नव्हता तेव्हा. आणि ते गाणं कॉमेंटेटरने माइकवर म्हणायचं आणि पब्लिकने साथ द्यायची ही प्रथा हॅरी केरीमुळे प्रसिद्ध झाली, लोकांना वाटतं ती कब्सची, पण तो आधी व्हाइट सॉक्सचा कॉमेंटेटर होता. 1976 ला मालक बिल व्हेक यांनी त्याचा माइक गुपचूप चालू केला कारण तो आपल्या केबिनमध्ये स्वतःशी गुणगुणत बसायचा आणि त्याचा आवाज असा होता की कुणालाही वाटावं, याच्यापेक्षा मी बरं गातो. मग 1982 ला तो कब्सकडे गेला आणि प्रथा पण घेऊन गेला. वर्गातल्या कब्सवाल्यांना हे ऐकवायला सांग तिला. थोडं भांडण होईल, होऊ दे.

खाण्याबद्दल फार काळजी करू नकोस. तो मका म्हणजे एलोटे, मेक्सिकन पद्धतीचा, दाणे काढून त्यात बटर, मेयो, चीज, लिंबू, तिखट. त्या पार्कात तो फार प्रसिद्ध आहे. आणि आपण पावसात गाडीवरच्या कणसाला लिंबू-तिखट-मीठ चोळून काय वेगळं खातो? घरी करायला पाच मिनिटं, फ्रोजन कॉर्न मायक्रोवेव्हला, गरम असतानाच बटर, लाल तिखट, लिंबू, वरून कोथिंबीर, सासूबाई अंडं खात नसतील तर मेयो वगळ, घट्ट दही घाल थोडं. स्टेडियममध्ये मात्र भाव डोळे पांढरे करणारे असतात, तेव्हा घरून जेवून निघा आणि नियम ठेवा की आत एकच गोष्ट, ती तिने निवडायची. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात का ते मैदानाच्या साइटवर बघून घे, बऱ्याच ठिकाणी चालतं, चालत असेल तर भाजलेल्या शेंगा ने. बेसबॉल आणि भुईमुगाच्या शेंगा हे शंभर वर्षांहून जुनं प्रकरण आहे, आणि टरफलं सरळ पायाखाली टाकायची, कुणी काही म्हणत नाही. लोकमान्यांच्या गोष्टीवर वाढलेल्या आपल्या माणसाला तिथे पहिल्यांदा बसल्यावर फार अपराधी वाटतं एवढंच.

हेल्मेटमधलं भडंग मात्र जसं चाललंय तसंच चालू दे. त्यात सुधारणा नको, बदाम घालू नकोस, बेक्ड आणू नकोस. तळलेला लसूण, शेंगदाणे, तिखट, बास.

मराठी शाळा आणि "इथली होऊन जाईल". यात दोन गोष्टी वेगळ्या करू. शाळा रविवारी आणि घरच्या रविवारच्या मॅचेस दुपारी एकच्या सुमारास, म्हणजे टक्कर होणार. पण सीझनमधले रविवार मोज, त्यातले निम्मे बाहेरगावचे, आणि उन्हाळ्यात शाळेला सुट्टी असेलच. उरतात ते थोडे. त्यातल्या दोन तिने निवडाव्यात, त्या दिवशी शाळा बुडली तर बुडली, तूच बाईंना आधी खरं कारण सांगून टाक. बाकीच्या रविवारी शाळा, कुरकुर चालणार नाही, मॅच रेकॉर्ड करून ठेवायची. शाळा म्हणजे बेसबॉलमधली अडचण असं तिच्या डोक्यात बसलं तर मराठीचं जे नुकसान होईल ते दोन रविवार बुडाल्याने होणार नाही.

आणि आजीला रोज रात्री मॅचची गोष्ट सांगायची जबाबदारी तिला दे. आजीला इंग्लिश कॉमेंटरी कळत नसणार, तेव्हा हिला ते सगळं मराठीत सांगावं लागेल, कोण पळाला, कोण घसरला, पंच कसा आंधळा होता. मी हे मराठी सुधारावं म्हणून सांगत नाहीये हं (मगाशीच म्हटलं ना उपयोग काढू नकोस), आजीला अर्धी मॅच कळत नाही आणि तरी ती बिचारी बसून राहते म्हणून सांगतेय.

इथली होण्याचं म्हणशील तर एक आठवण करून देते. जून 2024, टी-ट्वेंटी वर्ल्ड कप, न्यूयॉर्क. मुंबईत जन्मलेला, मुंबईकडून रणजी खेळलेला सौरभ नेत्रावळकर अमेरिकेकडून बॉलिंग टाकतोय आणि त्याने विराट कोहलीला पहिल्याच बॉलवर उडवलं, मग रोहितलाही काढलं. त्या क्षणी तुमच्या घरात काय झालं? मला माहितीये काय झालं कारण इथल्या प्रत्येक मराठी घरात तेच झालं, हाय हाय पण केलं आणि टाळी पण वाजली. दोन्हीकडचं असणं हे तुम्हाला चाळिशीत जमतंय, तिला दहाव्या वर्षी जमेल, तुमच्यापेक्षा बरं जमेल.

शेवटचं तुझं स्वतःचं, जे तू पत्राच्या तळाशी हळूच लिहिलंस. चिडचिड. मला नाही वाटत तुला तिचा हेवा वाटतो. मला वाटतं त्या घरातल्या सगळ्यांच्या आनंदाची मॅनेजर तू आहेस. तिकिटं तू काढतेस, पार्किंग तू बघतेस, मस्टर्ड सॉसचे डाग तू काढतेस, सासूबाईंच्या गोळ्या पर्समध्ये तुझ्याकडे, रडली की समजूत तुझ्याकडे, आणि नवरा मत देतो. असं असताना कुणाला सातव्या इनिंगला उभं राहून गावंसं वाटेल? तेव्हा पुढच्या एका मॅचला तू काहीच करायचं नाहीस. तिकीट, गाडी, पाण्याच्या बाटल्या, सगळं नवऱ्याकडे. तू फक्त जायचं. काहीतरी विसरेलच तो, विसरू दे, आठवण करू नकोस.

आणि नवीन हॉबी वगैरे शोधू नकोस कृपा करून. पॉटरीचा क्लास मी तुला पण लावू देणार नाही. शाळेच्या गेटबाहेर बोरकूट घ्यायचीस ना, कागदातलं, जिभेवर टाकलं की डोळे मिटायचे? रावळगावची चॉकलेटं, पेप्सीकोला दातांनी फोडायचा, ट्रम्प कार्डं? तर पुढच्या वेळी पटेल ब्रदर्सला वाणसामानाला जाशील तेव्हा स्वतःसाठी एक गोष्ट घे, चिंचेची गोळी म्हण, आवळा सुपारी म्हण, आणि ती पार्किंगमध्ये गाडीतच संपव. घरी आणायची नाही, वाटायची नाही, कुणाला सांगायचं नाही, फोटो तर अजिबात नाही. गाडीत गाणं लाव, ते पण चांगलं नको, तुझ्या कॉलेजच्या वेळचं एखादं थिल्लर गाणं, जे शब्दन् शब्द पाठ आहे आणि चारचौघांत आवडतं म्हणायची लाज वाटते, ते. काचा वर, आवाज मोठा. चार मिनिटांत उतरशील खाली, भाजी काही सुकत नाही तेवढ्यात. एकदा करून काही होणार नाही, महिनाभर करत राहा आणि मग मला चिडचिडीचं कळव, कमी नाही झाली तर आपण डॉक्टरांकडे जायचंही बोलू, कारण कशातच काही वाटत नाही हे खूप दिवस टिकलं तर ते नुसतं थकणं नसतं.

हां, आणि सासूबाईंना घेऊन जायचं ठरवलंत तर दोन गोष्टी. एप्रिलमध्ये नेऊ नका, शिकागोचा एप्रिल म्हणजे काय ते तू जाणतेस, दुपारी उन्हात बसलात तरी संध्याकाळी हाडं वाजतात, जूनमधली दुपारची मॅच बघा आणि लिफ्टजवळची सीट मिळते का ते आधी विचारा. आणि दुसरं, त्या मैदानावर आपल्या टीमने होमरन (क्रिकेटमधल्या सिक्ससारखा) मारला की स्कोअरबोर्डच्या वर धडाधड फटाके उडतात, त्यांच्या जुन्या मैदानावर 1960 ला सुरू झालेली रीत आहे, त्याच बिल व्हेकची आयडिया, तेव्हा सासूबाईंना आधी कानात सांगून ठेवा. या टीमचं बघता किती वेळा उडतील कोण जाणे, पण सांगून ठेवलेलं बरं.

— मावशी